काडीमावशीचं लिव्हर

बसस्थानकासमोरच्या इमारतीत जिन्याखाली जेवढी जागा उरली होती, तेवढंच तिचं दुकान. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेरच उभं राहायचं. भिंतीला खिळे, खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे झुबके, मधोमध किल्ली कातरायचं मशीन आणि मशीनच्या मागे ती. पितळेचा बारीक चुरा तिच्या नखांत, बाह्यांवर, चष्म्याच्या काचेवर कायम बसलेला असे. नवरा गेला तेव्हा आजूबाजूच्या दुकानदारांनी गृहीतच धरलं होतं की आता इथं मोबाइलची कव्हरं विकणारा कुणीतरी येणार. पण इतकी वर्षं नवऱ्याला डबा द्यायला येऊन ती नुसती बसून राहिली नव्हती. घरातलं दुःख ओसरायच्या आधीच तिनं शटर वर केलं, आणि पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाच्या किल्लीचं तुटलेलं टोक कुलपातून असं अलगद काढून दिलं की शेजारचा चपलांचा दुकानदार बघतच राहिला.

तिचं खरं नाव फक्त कागदोपत्री. लहानपणी थोरल्या भावानं तिला 'काडी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव तिला असं चिकटलं की म्हातारपणाच्या उंबरठ्यावर येईपर्यंत सुटलं नाही. आता अख्खी गल्ली तिला काडीमावशी म्हणायची. तिला राग यायचा नाही, उलट अभिमानच होता. "लग्नातले कपडे अजून अंगात शिरतात माझ्या," असं ती अनोळखी गिऱ्हाइकालाही ऐकवायची, किल्ली घासता घासता, कुणी विचारलेलं नसताना.

तिच्या हिशेबात जगात दोन प्रकारची माणसं होती. जाडी आणि निरोगी. आपण कुठल्या बाजूला आहोत याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. जेवणखाणाचं मात्र तिचं काही खरं नव्हतं. दुपारी जेवायला घरी जायचं म्हणजे दुकान बंद करावं लागणार, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी घराबाहेर अडकून धावत येणार. म्हणून ती चहावर दिवस काढायची. चहावाल्याला तिचा कप पाठ होता, चार चमचे साखर, वर ढवळायचं नाही. "तळाशी राहिलेली साखर शेवटी चाटायला बरी," असं ती म्हणायची. सोबतीला बिस्किटांचा पुडा, तोही किल्ल्यांच्या डब्यात ठेवलेला.

घरात ती, मुलगा आणि सून. मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळीनं कामाला जायचा, त्यामुळे तो घरात असला तरी बहुतेक वेळ झोपलेलाच दिसायचा. सून शाळेची व्हॅन चालवायची. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. "मी चढले की व्हॅन डावीकडे झुकते," असं स्वतःच सांगून ती सगळ्यांच्या आधी हसायची. पोरं तिच्यावर जीव टाकायची. सासूचंही तिच्यावर प्रेम होतं, पण ते टोमण्यांतून पाझरायचं. सुनेनं दुसऱ्यांदा भात वाढून घेतला की काडीमावशी छताकडे बघून म्हणायची, "पातेल्याला बूड आहे ना गं अजून?"

सून म्हणायची, "आई, बघून सांगते हं," आणि डावानं बूड खरवडून दाखवायची.

गाडी चालवायचा परवाना नव्यानं करायची वेळ आली तेव्हा सुनेला डॉक्टरी तपासणी करावी लागली. त्यात डॉक्टरांना शंका आली म्हणून सोनोग्राफी झाली आणि लिव्हरवर चरबी दिसली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जा, लिव्हर किती कडक झालंय ते मशीनवर तपासून घ्या, असं सांगितलं गेलं. त्या दिवशी ती घरी आली ती पोरांच्या गोंगाटाशिवायची व्हॅन असावी तशी, गप्प.

"लिव्हर म्हणाले?" काडीमावशीनं विचारलं. तिच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

"हो. घाबरण्यासारखं नाही म्हणाले. पण तसं तर सगळेच म्हणतात."

काडीमावशी यावर एकही टोमणा मारू शकली नाही. लिव्हर हा शब्द त्या घरात फारसा उच्चारला जायचा नाही. तिचा थोरला भाऊ, तिला काडी म्हणणारा दादा, लिव्हरनंच गेला होता. दादा पोस्टमन. तिच्यासारखाच सडपातळ, सायकलवर बसला की सायकल आणि तो वेगळे ओळखू यायचे नाहीत. दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. पण डोळे पिवळे पडले, पोट फुगलं, तशी लोकांनी कुजबुज सुरू केली. पत्रं वाटता वाटता कुठंतरी बसत असणार, म्हणाले. दवाखान्यात त्याच्या लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढला. रक्त गेलं, मुक्काम वाढला, घरी आला तो खंगूनच. वर्ष पालटायच्या आत गेला. काडीमावशीच्या मनात सगळं एका रांगेत बसलं होतं. आधी सुई, मग मरण. सुईच्या कागदावर सही केली होती वहिनीनं, आणि त्यावरून तिनं वहिनीला दवाखान्याच्या भर व्हरांड्यात जे सुनावलं, त्यानंतर दोघींचं बोलणं लग्नकार्यापुरतं उरलं होतं.

"मी येते तुझ्याबरोबर," ती सुनेला म्हणाली. "सुई काढली तर उठून सरळ घरी यायचं. काय?"

दवाखान्यात त्या दिवशी लिव्हरचं शिबिर होतं. रांगा, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लिव्हरची गुलाबी चित्रं. तपासायला आलेल्यांच्या घरच्या माणसांचीही तपासणी करत होते. मशीनच्या खोलीत एक तरुण बाई होती, पांढरा कोट आणि पायांत रंगीत मोजे. सुनेला आत बोलावलं तर तिचा पाय दारातच अडला.

"सुई आहे?"

"सुई नाही हो, काहीच नाही," मशीनवाली म्हणाली. "बरगड्यांच्या मध्ये ही कांडी टेकवायची. ती हलकासा धक्का देते. तो धक्का लिव्हरमधून किती वेगानं जातो, ते मशीन मोजतं. मऊ लिव्हरमधून सावकाश जातो, कडक लिव्हरमधून झपाट्यानं."

सुनेला ते पटलं, पण तिचे पाय तयार नव्हते. तेव्हा काडीमावशी पुढे झाली. "एवढा मोठा व्हॅनचा डोलारा हाकतेस आणि याला घाबरतेस? मी झोपून दाखवते, बघ."

"काही खाल्लंय का तीन-चार तासांत?" मशीनवालीनं विचारलं.

"काही नाही," काडीमावशी म्हणाली आणि उजवा हात डोक्याखाली घेऊन पसरली.

कांडी बरगडीला लागली. गार जेल, आणि मग आतून कुणीतरी टिचकी मारावी तसं टक्, टक्, टक्. दहा वेळा. काडीमावशीला गुदगुल्याच झाल्या. ती सुनेकडे बघून डोळे मिचकावत होती. मशीनवाली मात्र पडद्याकडे बघत होती, आणि सुरुवातीला ती जे गुणगुणत होती ते थांबलं होतं.

"झालं. आता तुम्ही या," ती सुनेला म्हणाली. सुनेसाठी तिनं मोठी कांडी लावली, पुन्हा दहा टिचक्या.

थोड्या वेळानं दोघींना डॉक्टरांनी आत बोलावलं. डॉक्टर मध्यमवयीन, सावकाश बोलणारे, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघणारे. त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"यांच्या लिव्हरमध्ये चरबी आहे, पण ते मऊ आहे. आकडा पाच. काळजी घ्या, वजन उतरवा, पुढच्या वर्षी पुन्हा बघू." मग ते काडीमावशीकडे वळले. "तुमचा आकडा बाराच्या जवळ आलाय. आठच्या खाली असला की आम्ही सहसा निर्धास्त असतो."

काडीमावशीनं चष्मा पुसला. मग अगदी समजूतदारपणे, लहान पोराची चूक दाखवावी तशी म्हणाली, "डॉक्टर, कागद उलटे झालेत. ही जाडी, मी बारीक. बघा ना."

"कागद सुलटेच आहेत."

"असं कसं असेल?"

"बाहेर दिसते ती चरबी वेगळी. आत साठते ती वेगळी." त्यांनी तिला उभं करून पोटाचा घेर मोजायला लावला. हातपाय काडीसारखे खरे, पण सैल कपड्यांखाली छोट्या मडक्याएवढं पोट लपलं होतं. ते तिनं आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं. "आज सकाळपासून नक्की काही खाल्लं नव्हतं ना?"

"नाही. म्हणजे चहा घेतला इथं फाटकापाशी. आणि पुडाभर बिस्किटं. पण ते काय खाणं आहे का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुनेला हसू आवरेना, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं.

खाल्ल्यावर आकडा वर चढतो, म्हणून उपाशीपोटी पुन्हा यायला सांगितलं. काडीमावशी पुन्हा आली. सुनेनं तिला घरापासून मशीनपर्यंत नजरेआड होऊ दिलं नाही. आकडा उतरला, पण दहाच्या वरच राहिला. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली, लिव्हरला सूज असल्याच्या खुणा निघाल्या, आणि एक वेगळीच तपासणी अर्धवट होकारार्थी आली. कधीकधी शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उलटतं, त्या आजाराची ती तपासणी होती.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "आता नीट ऐका. मशीन कडकपणा मोजतं. तो कशामुळे आलाय, ते सांगत नाही. सुनेचं काम मशीननं भागलं. तिचा आजार उघड आहे, आकडा चांगला आहे, तिला मी सुई लावणार नाही. तुमचं मध्येच अडकलंय. चरबीमुळे असेल तर औषध एक, शरीर उलटलं असेल तर औषध अगदी वेगळं. ते समजायला लिव्हरचा बारीक तुकडा काढून बघावा लागेल."

"सुई," काडीमावशी म्हणाली.

"हो."

"आणि त्यात सगळं नक्की कळतं?"

"सगळं नाही," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या मोठ्या लिव्हरमधला दोऱ्याएवढा तुकडा. कधी नेमक्या जागचा येत नाही. दुखतं. क्वचित कुणाला रक्तस्राव होतो, म्हणून दिवसभर ठेवून घेतो. गरज नसती तर मी नाव काढलं नसतं. तुम्ही विचार करा. धावपळ नको, पण टाळूही नका."

"विचार केला. नको," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.

यानंतर घरात सगळंच उलटंपालटं झालं. आता टोमणे मारायची पाळी सुनेची. साखरेचा डबा माळ्यावर गेला. चहावाल्याला जाऊन सुनेनं असा दम भरला की तो बिचारा काडीमावशीला चहा देताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायला लागला. दुपारी पोरांना सोडून झालं की व्हॅन दुकानासमोर उभी राहायची आणि हॉर्न वाजायचा. डबा घेऊन सून फूटपाथवर उभी. "जेवा. मी बघतेय."

"गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकालाही वाढते."

काडीमावशी चिडायची, पण जेवायची. मुलानं एकदा झोपेतून उठून सुईचा विषय काढला, तर ती त्याच्यावर अशी उखडली की तो पुन्हा झोपायला गेला. सुनेनं मात्र विषयच काढला नाही. सासूला सुईची भीती नाहीये, दादामामांच्या सुईची आहे, एवढं तिला कळत होतं. एका सुट्टीच्या दिवशी ती म्हणाली, "आई, व्हॅनचा आवाज येतोय कसलातरी, एक चक्कर मारून बघू या का?" आणि काडीमावशीला बसवून तिनं गाडी सरळ वहिनीच्या दारात नेली.

"आवाज इथंच येत होता वाटतं," काडीमावशी म्हणाली. पण उतरली.

वहिनी तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. दार उघडून तिनं नणंदेला बघितलं आणि दाराची दुसरी फळीही उघडली. मग वहिनी म्हणाली, "ये काडी," आणि इतक्या वर्षांनी ते नाव त्या घरात ऐकत काडीमावशीनं उंबरठा ओलांडला. आत बसल्यावर सुनेनंच सगळं सांगितलं. मशीन, आकडा, सुई.

वहिनी बराच वेळ हातरुमालाची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "ते सुईनं नाही गेले."

"रक्त किती गेलं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय."

"गेलं. मी पण तिथंच होते. पण त्याच्या आधी दोन वर्षं त्यांनी दुखणं अंगावर काढलं, ते तू नाही बघितलंस. पायांना सूज आली की बूट एक नंबर मोठे घ्यायचे. मला म्हणायचे, पोस्टमनचे पाय आहेत, सुजणारच. डॉक्टरकडे गेलो तेव्हा सगळं हाताबाहेर गेलेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, साखरेचा आजार किती वर्षांचा मुरलाय यांच्यात, तुम्हाला कुणाला कळलं कसं नाही? लिव्हर त्यानंच गेलंय, दारू घेत नाही म्हणतात तर विश्वास ठेवा त्यांच्यावर."

"मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू? तू ओरडून गेलीस ती गेलीसच. गल्लीत सांगून बघितलं तर लोक हसले."

काडीमावशी खाली मान घालून बसली. नखातला पितळेचा चुरा दुसऱ्या नखानं काढत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "वहिनी, एक सांगू? लोकांशी भांडले मी त्याच्यासाठी. पण मनात एकदा येऊन गेलं होतं गं. की घेत असेल चोरून."

वहिनीनं वर बघितलं. "मी तर त्यांचे बूट हुंगले होते."

"बूट?"

"कुणीतरी सांगितलं, बाटली बुटात लपवतात म्हणून."

"आणि?"

"आणि काय! पोस्टमनचे बूट ते. दोन दिवस जेवण गेलं नाही मला."

आधी सुनेच्या तोंडून फसकन हसू फुटलं. मग त्या दोघी. हसता हसता वहिनीनं तोंडाला रुमाल लावला, काडीमावशीनं तिचा हात धरला, आणि मग त्या कितीतरी वेळ रडल्या. सून उठून बाहेर व्हॅनपाशी जाऊन उभी राहिली. परतताना घराजवळच्या वळणावर काडीमावशी म्हणाली, "त्या डॉक्टरला विचार, सुईला उपाशी यायचं की कसं. आणि या वेळी चहा धरून विचार."

सुईच्या दिवशी वहिनी पण आली. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आधीच तपासून झालं होतं. खोलीत गारवा, छताला लांब दिवे, बाजूला सोनोग्राफीचा पडदा. बरगडीपाशी जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं तेव्हा काडीमावशीनं दात आवळले. मग डॉक्टर म्हणाले, "श्वास सोडा. आता धरून ठेवा." खट् असा आवाज झाला, कागदाला टाचणी मारायच्या यंत्रासारखा, आणि कुणीतरी आतून गुद्दा मारल्यासारखं वाटलं.

"घ्या श्वास. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. पण आता उजव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं नाही."

"मला दाखवा काय काढलंत ते."

नर्सनं तिच्या डोळ्यांसमोर छोटी बाटली धरली. पाण्यासारख्या औषधात पिवळसर तपकिरी दोऱ्याचा एक तुकडा तरंगत होता, नखाच्या रुंदीपेक्षा थोडा जास्त लांब. "याच्यासाठी मी इतके महिने भांडले?" ती म्हणाली.

खांद्यात ठणका आला, तो लिव्हरमुळेच येतो असं नर्सनं सांगितलं, गोळी दिली. नर्स सारखी येऊन रक्तदाब बघायची. प्रत्येक वेळी वहिनी नर्सच्या आधी उठून उभी राहायची आणि यंत्राचा काटा समजत नसताना काट्याकडे बघायची. "बरा आहे ना? बरा आहे ना?" शेवटी नर्स म्हणाली, "आजी, तुमचाच बघू का आता?" संध्याकाळी सोडलं. सुनेनं व्हॅन इतकी हळू चालवली की मागून सायकलवाले घंटी मारत पुढे गेले.

अहवालाला काही दिवस लागले. ते दिवस काडीमावशीनं दुकानात काढले, आणि त्या आठवड्यात तिनं बनवलेल्या दोन किल्ल्या कुलपात फिरल्याच नाहीत. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकं परत आली, तिनं मुकाट्यानं नव्या करून दिल्या.

डॉक्टरांनी या वेळी कागदाआधी तिच्याकडे बघितलं आणि हसले. तेवढ्यानं सुनेनं खुर्चीची कड सोडली.

"शरीर उलटलेलं नाही. तो आजार नाहीच. चरबी आहे, सूज आहे, आणि व्रण धरायला लागलेत. त्याच्या आम्ही चार पायऱ्या धरतो. चौथी म्हणजे सिरोसिस, लिव्हर आवळून गेलेलं. तुम्ही दुसरीवर आहात. मशीन थोडं चढवून बोललं, कारण सूज असली की तीही कडकपणात मोजली जाते."

"दुसरीवरून खाली येता येतं?"

"येतं. पुष्कळ जण येतात. सूनबाईंनी तुमच्या दादांचं सांगितलं मला. त्यांना कुणी वेळेत सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलंय."

काडीमावशी खुर्चीत पुढे सरकली. "आणि पुढे दरवेळी सुई?"

"छे. आता कारण समजलंय. इथून पुढे तुमची तुलना तुमच्याच आधीच्या आकड्याशी, मशीनवर. आकडा उतरतोय की चढतोय, एवढंच. काही वेगळं वाटलं तरच सुईचं नाव."

"मग चहा?"

"प्या की."

"साखर?"

"नाही."

"मग तो चहा कसला, डॉक्टर?"

"तेवढं मला विचारू नका, मी स्वतः दोन चमचे घालतो," डॉक्टर म्हणाले, आणि सुनेनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी घाईघाईनं साखरेच्या आजाराची औषधं लिहायला घेतली.

बारीक माणसानं वजन किती उतरवायचं, हा काडीमावशीपुढे खरा पेच होता. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं की तुमचं पोट थोडं उतरू दे आणि हातापायांत ताकद येऊ दे. जेवण वेळेवर, त्यात अंडी, कडधान्यं, भाज्या. मग काडीमावशीनं दुकानातला कुलपांचा जुना डबा उचलून खाली ठेवायचा, उचलून खाली ठेवायचा असा उद्योग सुरू केला. चपलावाल्यानं विचारलं, "मावशी, दुकान हलवताय का?" सकाळी वहिनी यायची आणि दोघी बसस्थानकाला फेऱ्या मारायच्या. चालताना भांडायच्याही. दादाला सायकल कुणी शिकवली यावर त्यांचं कधीच एकमत झालं नाही.

सगळं सरळसोट चाललं असं नाही. थंडीच्या दिवसांत सुनेला चार दिवस ताप आला, डबा बंद झाला, आणि काडीमावशी गुपचूप चार चमच्यांवर गेली. पुढच्या तपासणीत साखर चढलेली दिसली. सून रागावेल म्हणून ती तयारीतच होती. पण सून नुसती म्हणाली, "आई, मला एकटीनं हे नाही जमणार हो. बिनसाखरेचा चहा काय फक्त मीच प्यायचा?" सुनेनंही साखर सोडली होती, हे सासूला तेव्हा कळलं. तिचा कप कधी कुणी चाखून बघितलाच नव्हता. त्या दिवसापासून काडीमावशीनं बिस्किटांचा पुडा दुकानात ठेवणं बंद केलं. त्या डब्यात आता तिनं किल्ल्याच भरल्या.

वर्षानं दोघी पुन्हा मशीनवर झोपल्या, दोघीही उपाशी. सुनेचं वजन बऱ्यापैकी उतरलं होतं आणि आकडा होता तिथंच, मऊ. काडीमावशीची पाळी आली. टक्, टक्, टक्. ती छताकडे बघत होती, पण कान मशीनवालीकडे होते. मशीनवाली या वेळी गुणगुणायची थांबली नाही.

"साडेसात."

"म्हणजे मऊ झालं?"

"अगदी लोण्यासारखं नाही. पण उतरलंय, चांगलं उतरलंय. असंच ठेवा."

जेल पुसून काडीमावशी उठून बसली. सून बाहेर मुलाला फोन करून ओरडून सांगत होती, तो झोपेत 'हं, हं' म्हणत असणार. काडीमावशीला मात्र त्या आनंदात एक गोष्ट टोचायला लागली होती. दादा बारीक, ती बारीक. वहिनीचा मुलगा, तिचा भाचा, तोही असाच, शिडीसारखा. त्यानं आपली साखर कधी बघितली असेल? तिनं दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच त्याला फोन लावला.

"आत्या, मला काय झालंय? मी तर किती बारीक आहे."

"तेच तर म्हणतेय मी."

"सुट्टी नाहीये गं."

"तुझ्या बापालाही नव्हती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भाचा आला. सुट्टी काढून, आईवर आणि आत्यावर थोडा चिडून. शर्टाची बटणं काढताना तो मशीनवालीला विचारत होता, यात सुई नसते ना. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वहिनी आणि काडीमावशी एकमेकींना टेकून बसल्या होत्या. वहिनीचे ओठ हलत होते. आतून टिचक्यांचा आवाज येतोय असं काडीमावशीला वाटत होतं, पण भिंतीतून तो ऐकू येणं शक्य नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा शर्ट अर्धवट खोचलेला होता. "मऊ आहे म्हणाल्या. पाचच्या आत. पण साखर काठावर आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ताच आलात ते बरं झालं."

वहिनीनं त्याला जवळ ओढलं. तो एवढा उंच की तिचं डोकं त्याच्या खिशापाशीच पोचलं. काडीमावशी त्याचा शर्ट नीट खोचत म्हणाली, "सकाळी चहाला किती चमचे घालतोस?"

"तीन."

"हं," ती म्हणाली. पुढचं बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजायला लागला. शाळा सुटायची वेळ झाली होती आणि सुनेला आता थांबता येणार नव्हतं. तिघं लगबगीनं व्हॅनमध्ये चढले. लहान पोरांच्या बुटक्या बाकांवर भाच्याचे गुडघे हनुवटीला लागले, वहिनीनं मांडीवर पिशवी घेतली, काडीमावशी दाराशी बसली. "धरून बसा," सून आरशातून म्हणाली, आणि व्हॅन शाळेच्या रस्त्याला लागली.